दृष्टिबाधित मुलांच्या विशेष शिक्षिकेच्या पाठाचे निरीक्षण कसे करावे?

प्रश्न : सीआरपी (शाळांच्या समूहाला शैक्षणिक मार्गदर्शन करणारी साधनव्यक्ती), खानापूर तालुका
नमस्कार. माझ्या समूहातील मराठी व कन्नड शाळांत मिळून एक पूर्ण अंध मुलगी आणि दोन अल्पदृष्टी मुले शिकतात. त्यांच्यासाठी बीआरसीतून (गट साधन केंद्रातून) फिरत्या विशेष शिक्षिका येतात आणि त्यांच्या पाठाचे निरीक्षण माझ्याकडे सोपवलेले आहे. मला ब्रेल येत नसल्यामुळे मी मागच्या बाकावर बसतो, हजेरी व पाठटाचण तपासतो आणि शेरा लिहून परततो. या शेऱ्याचा त्या बाईंना काहीच उपयोग होत नाही, याचे मला वाईट वाटते. मी नेमके काय पाहावे?

उत्तर १ : विशेष शिक्षिका, निपाणी
सर, आपण मुलीच्या शेजारी बसावे, कारण आमचा पाठ शिक्षिकेच्या बोलण्यापेक्षा मुलीच्या बोटांत अधिक दिसतो. ती दोन्ही हातांनी वाचते का, उजवा हात ओळ संपवत असताना डावा हात पुढच्या ओळीचा आरंभ शोधतो का, की बोट एकाच अक्षरावर घासत राहते, हे पाहण्यासाठी ब्रेल यावीच लागते असे नाही. टेलर फ्रेमवर, म्हणजे खुंट्या बसवून स्पर्शाने गणित मांडण्याच्या पाटीवर, बेरीज मांडताना बाई तिचा हात धरून खुंटी बसवतात, की तिला चुकून पुन्हा चाचपू देतात, तेही पाहावे. मदतीची घाई हा आम्हा शिक्षकांचा मोठा दोष आहे. तो आमचा आम्हाला दिसत नाही आणि कोणी एकांतात, आदराने दाखवला तर आम्ही ऋणीच राहतो. अल्पदृष्टी मुलांच्या वर्गात फळ्यावर खिडकीचा उजेड चमकतो का, एवढे अवश्य पाहावे.

उत्तर २ : निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव
तरीही ब्रेल शिकाच. सहा ठिपक्यांची ही लिपी डोळ्यांनी वाचणे अवघड नाही. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या समान ब्रेल पद्धतीत, मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ दोन्ही १ व ३ या ठिपक्यांनीच लिहितात. त्यामुळे आपल्या सीमाभागात एकदा केलेले कष्ट दोन्ही माध्यमांच्या शाळांत उपयोगी पडतात. कन्नडमधील ऱ्हस्व-दीर्घ ‘ए’ आणि ‘ओ’ यांची चिन्हे मात्र वेगळी शिकावी लागतात. जोडाक्षरात हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी येते, हे ठाऊक नसल्याने मी सुरुवातीला एका मुलाचे बरोबर लेखन चूक ठरवले होते, आणि ते मला आजही सलते.

उत्तर ३ : वर्गशिक्षक, जांबोटी परिसर
पावसाळ्यात आमच्याकडे बाईंच्या फेऱ्या चुकतात. त्यामुळे केवळ भेटी मोजून त्यांच्या कामाविषयी मत बनवू नये. दोन भेटींच्या मधल्या दिवसांत मी फळ्यावर लिहिलेले मोठ्याने वाचतो का आणि मुलीची ब्रेल लिहिण्याची स्लेट दप्तराबाहेर निघते का, हे मलाही विचारावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुढच्या भेटीत मुलीच्या शेजारी बसेन आणि पाठानंतरची पंधरा मिनिटे वर्गशिक्षक व बाई या दोघांसाठी राखून ठेवेन. ब्रेलची पहिली दहा अक्षरे त्या मुलीकडूनच शिकावीत, असा विचार आहे.