सेवाभावी संस्थेतली नोकरी: कोकणातल्या कार्यकर्त्यांनो, आपले अनुभव लिहा

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आलं. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं. त्या काळात रायगड-रत्नागिरीत कितीतरी संस्था आल्या, जुन्या संस्थांची कामं वाढली. मुंबई-पुण्याला न जाता गावाजवळ नोकरी मिळतेय याचा आनंद आमच्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना पहिल्यांदाच झाला. त्यातली अनेकजण आज संस्थांत नाहीत. पगार कमी म्हणून सोडली असं लोक म्हणतात. माझ्या ओळखीतली जी गेली ती पगारामुळे गेली नाहीत, वरच्या माणसामुळे गेली.

यावर आपल्याकडे कुणी लिहीत नाही. तालुक्यात संस्था दोन-तीनच, सगळे एकमेकांचे ओळखीचे, संचालक गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे पाहुणे. संस्थेविरुद्ध बोललं की गरिबांच्या कामाविरुद्ध बोलल्यासारखं धरलं जातं. मला ते मुळीच पटत नाही. वाईट कारभाराचा पहिला फटका कर्मचाऱ्याला बसतो आणि लगेच दुसरा, ज्यांच्या नावावर पैसा आला त्यांना. म्हणून लिहा. संस्थेचं नाव नको, माणसाचं नको, गावाचं नको. काम काय होतं, काय घडलं, तुम्ही काय केलंत, एवढं लिहा.

सुरुवात मी करतो.

उत्तर रत्नागिरी, वादळानंतरचं बागांचं काम

आमच्याकडे नारळ-सुपारीच्या बागांचं पुनर्वसन होतं. सुपारी नव्याने लावली तर उत्पन्न सुरू व्हायला पाच-सात वर्षं जातात. बागायतदाराला मधल्या वर्षांची सोय हवी होती: आडवी पडलेली झाडं कापायला मजुरी आणि कटर, मग केळी, मिरवेल असं काहीतरी. वाडीवाडीत बसून केलेल्या पाहणीत आम्ही तेच लिहिलं होतं. संचालक मुंबईत. त्यांनी पाहणी वाचलीच नाही. रोपवाटप करायचं असं ठरवून टाकलं, कारण रोपं देतानाचा फोटो निघतो. बागेत जुनी खोडं तशीच पडलेली, रोप लावायला जागा नाही, हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्यांसमोर मला 'निगेटिव्ह माणूस' ठरवलं गेलं. त्यानंतर माझ्या गावांच्या बैठका मला न कळवता ठरू लागल्या, ईमेलमधून माझं नाव गळलं. बाकीच्यांनी माझ्याबरोबर चहाला जाणंही सोडलं. त्यांना दोष देत नाही, त्यांच्याही घरी हप्ते होते.

रोपं पाऊस संपताना आली. बरीचशी मेली. अहवालात वाटलेल्या रोपांचा आकडा आहे, जगलेल्या रोपांचा नाही. मी राजीनामा लिहिला, त्याला मूळ पाहणीचे कागद जोडले आणि प्रत सगळ्या विश्वस्तांना पाठवली. एकाच विश्वस्तांचा फोन आला. त्यांना ती पाहणी कधी दाखवलीच गेली नव्हती.

चिपळूण परिसर, हिशेब विभाग

मी बी. कॉम. झाले आणि एका संस्थेत हिशेबनीस म्हणून लागले. पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा. पाच तारखेच्या आत त्यातला ठरलेला भाग रोख काढून पाकिटात घालून मॅडमच्या टेबलावर ठेवायचा, आणि त्याची देणगीची पावती मिळायची. पावतीवर ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारं कलम, लिहिलेलं. म्हणजे देणगीदाराला दाखवायला पगार पूर्ण, संस्थेच्या हातात रोकड, आणि कर्मचारी कागदोपत्री दाते. नवीन मुलींना पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं, 'इथे सगळेच देतात.' खुशीने दिलेल्या पैशाला तारीख नसते. एका महिन्यात मुलगा आजारी असल्यामुळे एकीने पाकीट दिलं नाही, तर तिची बदली रोज दोन एसट्या बदलून जायला लागेल अशा केंद्रावर झाली.

माझ्या हातून त्या पावत्या फाडल्या जायच्या म्हणून हे मला जास्त लागायचं. शिवाय वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो, म्हणून मस्टरवर कायम त्याखालीच माणसं ठेवायची आणि उरलेल्यांना मानधनाच्या व्हाउचरवर. त्यात सकाळी नऊ ते सहा काम करणाऱ्या ताया होत्या, कागदावर त्या स्वयंसेविका.

मी तोंडी सूचना घेणं बंद केलं. 'ही नोंद कशाखाली करू, कृपया लेखी कळवावे' असं प्रत्येक वेळी ईमेलने विचारायला लागले. उत्तर कधीच आलं नाही, पण मला पाकीट मागणं थांबलं. नंतर ऑडिटरांशी बोलले, त्यांनी मान हलवली आणि विषय बदलला. त्या वर्षीचा हिशेब पूर्ण करून मी बाहेर पडले. अनुभव प्रमाणपत्र दिलं नाही. पगाराची बँक नोंद आणि नेमणुकीचं पत्र दाखवून पुढची नोकरी मिळाली, हे इतरांना उपयोगी पडेल म्हणून मुद्दाम लिहिते.

दक्षिण रायगड, कातकरी वाड्यांवरचे वर्ग

आमच्या वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, काही कोळसाभट्टीवर. उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जाणं टाळता येत नाही. मुलं बरोबर जातात. पावसाच्या तोंडावर परत येतात. ही गोष्ट वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आमच्या प्रकल्प प्रमुखांना ती ऐकायची नव्हती. अनुदानाचा हप्ता हजेरीवर होता आणि हजेरी बाराही महिने सारखी दिसली पाहिजे असा हुकूम होता. जानेवारीत वर्गात चार मुलं बसलेली असताना मस्टरवर पंचवीस टिका मारायच्या. मी विचारलं, 'सर, भट्टीवर वर्ग घेऊ या का? पेण-पनवेलकडे आपली मुलं कुठे आहेत ते मला माहीत आहे. नाहीतर आजी-आजोबांकडे मुलं राहतील अशी हंगामी वसतिगृहासारखी सोय करू या, शाळेशी बोलू या.' उत्तर आलं, 'प्रस्तावात तसं लिहिलेलं नाही.'

मी खोटी टीक मारली नाही. माझ्या वर्गाची खरी हजेरी गेली आणि वार्षिक बैठकीत माझा वर्ग 'सर्वात कमकुवत' म्हणून पडद्यावर दाखवला गेला. माझ्यासमोर बसलेल्या सहकाऱ्यांच्या वर्गांची परिस्थिती तीच होती, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मला सर्वात जास्त राग कशाचा येतो सांगतो. त्या मस्टरमुळे कागदावर ती मुलं शिकत होती. कागदावर शिकणाऱ्या मुलांसाठी भट्टीवर वर्ग सुरू करायची गरज कुणालाच दिसत नाही, देणगीदाराला नाही आणि शिक्षण खात्यालाही नाही. एका माणसाला हप्ता वेळेवर हवा होता म्हणून ती मुलं शोधणं बंद झालं.

आता मी दुसऱ्या ठिकाणी आहे. काम तेच, वाड्याही जवळपास त्याच. इथे नोव्हेंबर ते मे हजेरीचा वेगळा तक्ता भरतो, मूल कोणत्या भट्टीवर गेलं तेही लिहितो. देणगीदाराने एकदाही तक्रार केलेली नाही.

राजापूर-लांजाकडून, वसतिगृह अधीक्षक

थोडक्यात लिहितो. चोवीस तास ड्युटी, आठवड्याची सुट्टी नाही. गणपतीत मुलं घरी जातात, वसतिगृह रिकामं, तरी मला सोडायचे नाहीत, कारण संस्थेच्या अध्यक्षांच्या घरच्या गणपतीला माणसं लागायची. घरचा गणपती भावाने एकट्याने आणला, एकट्याने पोचवला. आई गेली त्या वर्षीही तसंच. कोकणातल्या माणसाला दुसऱ्याच्या आरतीला ताटं उचलायला ठेवून घेणं आणि त्याला सेवा म्हणणं, हे मी विसरणार नाही.

देवगड बाजू, मच्छीमार कुटुंबांचा प्रकल्प

आमची संस्था लहान. परदेशी निधी थेट येत नव्हता, दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेमार्फत यायचा. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका संस्थेला मिळालेला असा पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली. यात आमच्या प्रमुखांचा काही दोष नव्हता. देशभरात लहान संस्थांचं तेच झालं.

दोष पुढचा. त्यांना हे लगेच कळलं होतं आणि आम्हाला त्यांनी सांगितलं नाही. 'पैसे येतायत, कागद अडकलेत' असं म्हणत पगाराविना कामावर ठेवलं. आम्ही पदरचं पेट्रोल घालून गावं फिरलो. मासे सुकवणाऱ्या बायांना शेड होणार म्हणून शब्द दिला, कारण आम्हालाच तसं सांगितलं होतं. एकाने विचारलं तर, 'पैशासाठी आला असशील तर चुकीच्या ठिकाणी आलास.' शेवटी मोठ्या संस्थेच्या वेबसाइटवर वाचून आम्हाला समजलं.

त्या बायांसमोर जाऊन मीच सांगितलं की शेड होणार नाही. प्रमुख आले नाहीत. एक आजी म्हणाल्या, 'आदी सांगलं असतास तर आमी दुसरीकडे बघलं असतंव.' तेवढंच त्यांचं म्हणणं होतं आणि माझंही तेवढंच आहे.

सिंधुदुर्ग, कोकम-काजू प्रक्रिया केंद्र

संस्थापक काका देवमाणूस. ते थकले आणि कारभार मुलाकडे गेला, कुणाला न विचारता. काका असताना खरेदीचा दर फळ्यावर लिहिलेला असायचा. मुलगा आल्यावर फळा गेला. बायकांनी दर विचारला की, 'तुमका काय कळता धंद्यातला?' मी पर्यवेक्षक होते, मीही बाईच. बैठकीत मी बोलले की ते फोन बघत बसायचे आणि तीच गोष्ट माझ्या हाताखालच्या मुलाने सांगितली की लिहून घ्यायचे.

आम्ही भांडलो नाही. बचत गटांच्या बायकांनी मिळून ठरवलं की दर फळ्यावर लिहिल्याशिवाय माल उतरवायचा नाही. हंगाम रातांब्याचा, म्हणजे कोकमाच्या फळाचा, माल दोन दिवसही थांबत नाही, नुकसान आमचंही होणार होतं. पण दुसऱ्या दिवशी फळा लागला. मला मात्र पुढच्या हंगामाला बोलावणं आलं नाही. त्याच बायकांबरोबर आता घरगुती आमसुलं आणि आगळ करते.

एक ताई, जिल्हा लिहीत नाही

लहान कार्यालय, आम्ही सातजण. प्रमुखांचं वागणं कसं होतं ते इथे लिहिणार नाही. सगळे म्हणायचे, कुणाकडे तक्रार करणार, तेच तर प्रमुख. माझ्यासारखी कुणी वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते: कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. मी दिली. सोपं नव्हतं, गावात चर्चा झाली, सासरी बोलणी बसली. पण समितीने माझं नीट ऐकून घेतलं.

डोंबिवलीहून, एका संस्थेचा विश्वस्त

मूळ गाव गुहागरकडे. आम्ही बहुतेक विश्वस्त मुंबईचे चाकरमानी, बैठक मे महिन्यात गावी. जेवण, अहवाल वाचन, टाळ्या, सह्या. वर लिहिलेल्या राजीनाम्यासारखं एक पत्र मलाही आलं होतं.

मी त्यानंतर एकच मागणी केली: कर्मचाऱ्यांशी संचालकांशिवाय बोलायचंय. संचालक रागावले, 'माझ्यावर विश्वास नाही का?' तरी बोललो. एका दुपारी जे कळलं ते आजवरच्या कुठल्याच अहवालात नव्हतं. मग ठराव झाले: पगार थेट बँकेत आणि देणगी म्हणून एक रुपयाही परत नाही, प्रत्येक बैठकीत कर्मचाऱ्यांचा एक प्रतिनिधी, राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाशी एका विश्वस्ताने फोनवर बोलायचं. संचालक वर्षभरात गेले. दोन देणगीदार त्यांच्याबरोबर गेले, एक प्रकल्प बंद पडला. ते नुकसान खरं आहे, लपवत नाही. पण वाडीवरच्या तिन्ही जुन्या ताया टिकल्या, आणि लोक संस्थेला त्यांच्यामुळेच ओळखतात.

कुडाळहून, एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला

सगळं वाचून घाबरायला झालं. मला एका संस्थेकडून बोलावणं आलंय, घरापासून जवळ आहे. आधीच काही कळू शकतं का?

चिपळूणची हिशेबनीस

कळू शकतं. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा, अर्ज करून परिशिष्ट-१ चा उतारा (त्यात विश्वस्तांची नावं असतात) आणि अलीकडच्या वर्षांचे हिशेब मागा. फी भरून नकला मिळतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं अजून असतील, किंवा सगळे एकाच घरातले असतील, तर संचालकांना विचारणारं कुणी नाही असं समज. मग संस्था सोडून गेलेल्या दोघांना फोन कर. त्यांचे नंबर संस्था देणार नाही, एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला देईल. मुलाखतीत विचार: पीएफ आहे का, प्रवासाचे पैसे किती दिवसांत मिळतात, गणपतीची सुट्टी किती. लागलीस तर पहिल्या कापलेल्या पीएफनंतर यूएएनच्या (तुझ्या पीएफ क्रमांकाच्या) पासबुकात रक्कम आली का ते बघ. कापून भरला नसेल तर भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर तक्रार करता येते, नोकरीत असतानाही. आणि काही अडलं तर इथेच लिही, मी बघते.