‘मच अडू अबाउट नथिंग’ (१९९३): खिडकीतला प्रसंग दाखवायला हवा होता का?

तिसरी_घंटा
शेक्सपिअरच्या नाटकावरचा केनेथ ब्रॅनाचा ‘मच अडू’ परवा पुन्हा पाहिला. काय सुरुवात आहे! एमा थॉम्प्सनच्या आवाजात ते गाणं, जे नाटकात दुसऱ्या अंकात येतं. मग लढाईवरून परतलेली मंडळी घोडे उधळत येतात आणि इकडे घरभर आंघोळीची झुंबड. नाटक घडतं सिसिलीतल्या मेसिनात, शूटिंग टस्कनीत. पण त्या उन्हापुढे कोण हुज्जत घालणार? ब्रॅना आणि थॉम्प्सन तेव्हा खरेखुरे नवरा-बायको, त्यामुळे बेनेडिक-बिअ‍ॅट्रिसची खडाजंगी चांगली मुरलेली वाटते. शेक्सपिअरच्या विनोदी नाटकांवरचा इतका जिवंत सिनेमा दुसरा नाही. पटत नसेल त्यांनी यावं.

विंगेतून
आलो. सिनेमा गोड आहे, तीच तर तक्रार. लग्नाच्या आदल्या रात्री हीरो (हे नवरीचं नाव) परपुरुषाबरोबर आहे असा बनाव नवरदेव क्लॉडिओला दाखवतात. नाटकात हे रंगमंचावर घडतच नाही. बनाव रचणारा बोराचिओ नंतर साथीदारापाशी फुशारकी मारतो, त्यातून आपल्याला कळतं. त्यामुळे क्लॉडिओ ऐन लग्नात हीरोची अब्रू काढतो तेव्हा तळपायाची आग मस्तकात जाते. ब्रॅनानं मात्र खिडकीतले बोराचिओ आणि हीरोची दासी मार्गारेट दाखवले, वर क्लॉडिओचा पिळवटलेला चेहराही. पोराला परस्पर जामीन!

तिसरी_घंटा
अहो, कॅमेरा हाताशी असताना कुणीतरी येऊन नुसतं सांगायचं? आणि क्लॉडिओचा इतका राग आला तर शेवटी त्याच हीरोशी त्याचं लग्न गोड कसं लागायचं?

विंगेतून
लागूच नये. थोडं कडू लागायला हवं.

कैरीचं_पन्हं
मधे तोंड घालते. ‘संशयकल्लोळ’ आठवा. फाल्गुनरावाचा संशय खोटा हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून हसू येतं. इथेही हीरो निर्दोष हे आपल्याला आधीपासून माहीत आहे. खिडकी दाखवल्यानं ते बदलत नाही.

विंगेतून
ताई, फाल्गुनराव घरात धिंगाणा घालतो, क्लॉडिओ चारचौघांत मुलीला उभी जाळतो. फरक आहे. शिवाय नावातच मेख आहे: ‘नथिंग’ आणि ‘नोटिंग’ यांचा उच्चार तेव्हा जवळपास सारखा होता. झाडामागून ऐकलेलं, कानात सोडलेलं, ऐकीव गोष्टींवर अख्खं नाटक उभं. प्रेमही तसंच जुळतं आणि मोडतंही तसंच. त्यातली एक ऐकीव गोष्ट डोळ्यांनी दाखवली की तोल जातो.

पडदा_वर
एवढा कीस काढताय आणि मायकेल कीटनच्या डॉगबेरीबद्दल, त्या विनोदी हवालदाराबद्दल, चकार शब्द नाही? नसलेल्या घोड्यावर बसून टपटप करत येतो. मला दहा मिनिटांत डोकेदुखी. जॉस व्हेडननं २०११ मध्ये हेच नाटक स्वतःच्या घरात, कृष्णधवल, १२ दिवसांत चित्रित केलं. ते जास्त आवडलं.

कैरीचं_पन्हं
कीटन मलाही सोसत नाही. पण व्हेडनच्या सिनेमात सगळे वाइनचा ग्लास घेऊन फिरतात, भूक कुणालाच नाही. ब्रॅनाकडे माणसं भुकेली आहेत. बेनेडिक लपून ऐकताना त्या घडीच्या खुर्चीशी झटतो ते पाहा. बिचाऱ्याच्या अहंकाराचीच घडी जमत नाहीये.

तिसरी_घंटा
खुर्चीबद्दल शंभर टक्के! विंगेतून, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण बिअ‍ॅट्रिस बेनेडिकला ‘क्लॉडिओला मार’ म्हणते ते पाहिलंत ना? थॉम्प्सनच्या त्या संतापात तुमचा जामीन रद्द होतो. खिडकी पाहूनही मी तिच्याच बाजूनं होतो.

विंगेतून
तो प्रसंग मान्य. तिथे मीही गप्प बसलो होतो. मग मला आणखी चीड येते की पुढे अर्ध्या तासात सगळे नाचायला लागतात. त्या नाचात मी डेन्झेल वॉशिंग्टनच्या राजपुत्र डॉन पेद्रोलाच शोधत राहतो. बिअ‍ॅट्रिसला त्यानं मागणी घातली होती, तिनं हसत टाळली. त्याचं कुणाशीच जुळत नाही. त्याच्यावर धागा काढा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.