'ब्लोबॅक'ला मराठीत काय म्हणाल?

कोरांटी: अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावरचा एक लांबलचक लेख दिवाळी अंकासाठी मराठीत करते आहे. त्यात 'ब्लोबॅक' अकरा वेळा आलाय आणि अकराही ठिकाणी माझं घोडं अडलंय. शब्द मुळात बंदुकीचा. गोळी पुढे सुटते तेव्हा वायूचा दाब मागेही येतो, तो हा. हेरांच्या भाषेत अर्थ असा की परदेशात गुपचूप केलेली उचापत फिरून आपल्याच देशावर येऊन आदळणं. 'दुष्परिणाम' लिहिलं तर औषधाच्या वेष्टनावरचं वाटतं, 'प्रतिक्रिया' अगदीच मिळमिळीत. सुचवा.

टाकबोरू: बूमरँग. सगळ्यांना कळतं, विषय संपला.

कोरांटी: बूमरँग परत यावं म्हणूनच फेकतात हो. इथे परत येणं कुणालाच नको होतं.

जुना उपसंपादक: ताई, आम्ही डेस्कवर असताना एकच शब्द होता, भस्मासुर. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर 'अमेरिकेने पोसलेला भस्मासुर' हे शीर्षक इतक्यांदा लावलं की खिळे जुळवणारे असते तर त्यांनी तो ब्लॉकच करून ठेवला असता. वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघालेला तो. याहून नेमकं काय हवं?

पाणचक्की: काका, भस्मासुर नेमका आहे, पण तुम्ही लावायचात त्या बिन लादेनला नाही. अमेरिकेचा पैसा आणि शस्त्रं पाकिस्तानच्या आयएसआयमार्फत अफगाण गटांकडे जात होती. बिन लादेनचा पैसा आणि त्याची अरब माणसं हा वेगळा प्रवाह, त्याला अमेरिकेने थेट पोसल्याचा भक्कम पुरावा नाही. खरे भस्मासुर शोधायचे तर गुलबुद्दीन हिकमतयार आणि जलालुद्दीन हक्कानी हे अफगाण सरदार. दोघांनाही सोव्हिएत फौजांशी लढताना मदत मिळाली आणि २००१ नंतर दोघांच्याही बंदुका अमेरिकी सैनिकांवर वळल्या. १९८६ पासून दिलेली स्टिंगर क्षेपणास्त्रं तर रशियन गेल्यावर सीआयए पैसे मोजून परत विकत घेत हिंडत होती. शंकराने वर दिल्यावर तो परत विकत घ्यायचा प्रयत्न केल्याचं पुराणात तरी नाही.

कोरांटी: मला भस्मासुर वेगळ्या कारणाने खटकतो. त्या गोष्टीत सगळं उघड्यावर घडतं. तप उघड, वर उघड, पाठलागही उघड. 'ब्लोबॅक'चा जीव गुप्ततेत आहे.

शब्द कुठून आला बघा. १९५१ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देघ यांच्या सरकारने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या तेल कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑगस्ट १९५३ मध्ये सीआयए आणि ब्रिटिश हेरखात्याने मिळून त्यांना उलथवलं. पहिला डाव फसला, इराणचा राजा शहा बगदादमार्गे रोमला पळाला. १९ ऑगस्टला दुसरा डाव साधला आणि शहा परत गादीवर. पुढच्या वर्षी झालेल्या तेल करारात अमेरिकी कंपन्यांच्या वाट्याला ४० टक्के आले. त्याच वर्षी, १९५४ मध्ये, सीआयएने या कारवाईचा स्वतःपुरता इतिहास लिहून घेतला, आणि अशा कामात ब्लोबॅकची शक्यता अधिकाऱ्यांनी कायम ध्यानात ठेवावी असं त्यात बजावलं. म्हणजे करणाऱ्यांना पहिल्याच वर्षी कल्पना होती! तो कागद लोकांपुढे आला २००० साली. सीआयएने आपल्या कागदपत्रांतून कबुली दिली ती २०१३ साली.

आता मधली वर्षं मोजा. ३१ डिसेंबर १९७७ ला अध्यक्ष कार्टर तेहरानमध्ये मेजवानीला बसून इराणला 'स्थैर्याचं बेट' म्हणाले. जेमतेम साडेबारा महिन्यांत शहा देश सोडून गेला. नोव्हेंबर १९७९ मध्ये विद्यार्थ्यांनी अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली, त्यातले ५२ जण ४४४ दिवस अडकले. शहाला उपचारांसाठी अमेरिकेत घेतलं होतं, म्हणजे पुन्हा १९५३ होणार, असं त्या पोरांना वाटत होतं. टीव्हीपुढे बसलेल्या बहुतेक अमेरिकनांना मात्र १९५३ मध्ये काय झालं याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी हे कोण माथेफिरू, आमच्यावर का चिडलेत? हे 'का' न कळणं मला शब्दात हवंय.

सड्यावरचा: मग आमच्या सिंधुदुर्गात या. मूठ उलटणे. मूठ म्हणजे मंत्र टाकून केलेली करणी. मूठ मारणारा कधी समोर येत नाही, लांबून मारतो. ज्याला लागते त्याला कुणी मारली ते कळत नाही. तो एखाद्या जाणत्याकडे गेला की जाणता ती परतवतो, आणि मग मारणाऱ्याच्याच घरात कुणीतरी अंथरूण धरतं. त्या घरातल्या बायकापोरांना मालकाने काय करून ठेवलंय हे कुठे ठाऊक असतं? ती आपली डॉक्टर करत फिरतात. गाव मात्र ओळखून असतो. 'तेची मूठ तेकाच लागली', एवढं बोलून म्हातारी पान लावायला घेते.

(माझा यावर काडीचा विश्वास नाही. शब्दापुरतं बोलतोय.)

टाकबोरू: २०१३ सालीच जादूटोणाविरोधी कायदा झाला आपल्याकडे. सीआयएला लावावा काय?

पळसाचं पान: मुठीला पुराणात थोरली बहीण आहे: कृत्या. काशीच्या राजाचा मुलगा सुदक्षिण कृष्णाला मारायला अभिचाराचा, म्हणजे जारणमारणाचा होम करतो, त्यातून निघालेली कृत्या द्वारकेवर जाते, सुदर्शन तिला परतवतं आणि ती उलटून सुदक्षिणाला त्याच्या ऋत्विजांसकट जाळते. पाठोपाठ सुदर्शन अख्खी काशी जाळतं. राजवाड्यातल्या होमाशी घेणंदेणं नसलेले दुकानदार, नावाडी सगळे त्यात आले. पण दिवाळी अंकात 'कृत्या' म्हटलं तर निम्मे वाचक 'कृत्य'चं अनेकवचन समजतील. मूठच बरी.

कोरांटी: मूठ! इराणच्या चारही ठिकाणी चपखल बसतेय. सड्यावरचे, तुम्हाला एक अंक पाठवेन.

पुढचा पेच असा. इराकच्या प्रकरणात लेखक 'ब्लोबॅक'च्या जोडीने सारखं 'अनपेक्षित परिणाम' म्हणतो.

पाणचक्की: तिथे लेखकाला धरा. अनपेक्षित आणि अनभिप्रेत यांत फरक आहे. पहिलं म्हणजे वाटलंच नव्हतं असं, दुसरं म्हणजे व्हावं अशी इच्छा नव्हती असं. माझ्या आजोबांना दम्यात विडी ओढून खोकला व्हावा अशी इच्छा नव्हती, पण तो अनपेक्षित होता असं आजीपुढे म्हणायची त्यांची छाती नव्हती.

इराकचं तसंच. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले डिक चेनी १९९४ च्या मुलाखतीत स्वतः सांगतात की तेव्हा आम्ही बगदादपर्यंत गेलो असतो तर इराकचे तुकडे पडायची भीती होती, दलदलीत रुतलो असतो. २००३ मध्ये तेच गृहस्थ उपाध्यक्ष होते आणि फौजा बगदादमध्ये. मे महिन्यात इराकचे अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवड्याच्या अंतराने दोन हुकूम काढले. आधी सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या लोकांना सरकारी नोकरीतून बाहेर काढलं, मग इराकी सैन्यच मोडीत काढलं. काही लाख माणसं शस्त्र चालवायचं शिक्षण आणि रिकामं पोट घेऊन घरी गेली. २०१४ च्या जूनमध्ये मोसुल पडलं तेव्हा 'आयसिस'च्या वरच्या फळीत सद्दामच्या सैन्यातले जुने अधिकारी होते. यात गुप्त काही नाही, तेव्हा मूठ नाही. याला आपल्याकडे 'हाताने पायावर धोंडा पाडून घेणे' म्हणतात.

जुना उपसंपादक: तुम्ही मंडळी सगळं खापर अमेरिकेवर फोडताय. १९५३ मध्ये मोसद्देघांच्या जागी बसवलेले जनरल झाहेदी इराणीच होते, पैसे घेऊन रस्त्यावर उतरलेले तेहरानचेच होते, मोसद्देघना सोडून गेलेले आयातुल्ला काशानीही होते. आयएसआयचं पाप आयएसआयचं. आणि दक्षिण कोरियात अमेरिका उतरली त्याला काय म्हणाल, तीही मूठच का?

सड्यावरचा: काका, मूठ मारायलाही गावातला कुणीतरी लागतोच की. पायाखालची माती कोण आणून देणार? कोरियाचं म्हणाल तर मान्य, तिथे फौज उघड उतरली होती. म्हणूनच तो शब्द तिथे चालायचा नाही.

उंबरठा: इतका वेळ नुसती वाचत होते. मला या शब्दाचीच अडचण वाटते. मूठ, भस्मासुर, धोंडा, बूमरँग, सगळे करणाऱ्याच्या अंगणातून बघतात. अमेरिकेला लागलं तरच तो ब्लोबॅक. ग्वाटेमालात १९५४ मध्ये सीआयएने आर्बेन्झ सरकार पाडलं, पुढे १९९६ पर्यंत यादवी चालली, दोन लाखांच्या आसपास माणसं मेली किंवा नाहीशी झाली. वॉशिंग्टनवर काही येऊन आदळलं नाही, म्हणून त्याला नावच नाही?

लिबिया घ्या. मार्च २०११ मध्ये सुरक्षा परिषदेत लष्करी कारवाईला मुभा देणारा ठराव झाला, भारत तटस्थ राहिला. नाटोचे हल्ले झाले, ऑक्टोबरमध्ये गद्दाफी मारला गेला. त्याच्या फौजेतले तुआरेग लढवय्ये शस्त्रं घेऊन मालीत परतले आणि २०१२ मध्ये टिंबक्टूसकट उत्तर माली सरकारच्या हातातून गेला. मालीने कुणावर मूठ मारली होती?

पळसाचं पान: त्याला *झळ*. शेजारच्या घराला आग लागली की आपल्या भिंतीला लागते ती. 'सुक्याबरोबर ओलंही जळतं' मधलं ओलं.

उंबरठा: झळ चालेल. फक्त 'मालीला झळ बसली' एवढ्यावर थांबू नका, आग कुणी लावली तेही त्याच वाक्यात येऊ द्या. मराठीत कर्ता गाळायची फार सोय आहे. 'हस्तक्षेप झाला', 'सत्तांतर घडलं', 'परिस्थिती चिघळली'. कुणी केला, कुणी घडवलं, विचारायची सोय नाही.

टाकबोरू: 'हस्तक्षेप' हाही सरकारी शब्द. आमच्याकडे ढवळाढवळ म्हणतात.

कोरांटी: ढवळाढवळ लेखकाच्या तोंडी घालता येईल, अमेरिकी अधिकाऱ्यांच्या अवतरणात नाही. ते बिचारे हस्तक्षेपच करतात.

तर हिशेब असा. अकरापैकी इराणचे चार, तिथे मूठ उलटणे. अफगाणिस्तानचे तीन, त्यांतल्या हिकमतयार-हक्कानीच्या दोन ठिकाणी भस्मासुर, काका खूश. उरलेलं एक स्टिंगरचं, ते 'अंगाशी येणे'वर भागवते. इराकचे तीन, धोंडा. लिबियाचा एक राहिला. झळ लावावी म्हणून तो परिच्छेद पुन्हा काढून वाचला, तर लेखकाने तिथे ब्लोबॅक म्हटलंय ते २०१२ मध्ये बेनगाझीत अमेरिकी राजदूत मारला गेला त्याला. मालीचं नाव एकदाच आहे, कंसात.

जुना उपसंपादक: काहीही लिहा ताई, अंक निघेल तेव्हा वर शीर्षक 'भस्मासुर' असणार.