ए.ए.ची (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना) मराठी मीटिंग कशी शोधायची? पहिल्या दिवशी काय होतं?

कृष्णाकाठ:
मोठ्या भावासाठी विचारतोय. वय ४४, सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रोज एक क्वार्टर, रविवारी दोन. "एकदा मीटिंगला जाऊन बघतो" असं स्वतःच म्हणालाय. मराठीत चालणारी मीटिंग शोधायची कशी? फी किती? तिथे बोलावंच लागतं का? आणि गावात नाव फुटेल याची त्याला फार धास्ती आहे.

बिनसाखरेचा चहा:
नेटवर नुसतं "दारू सोडवणे" टाकलंत तर आधी खासगी केंद्रांच्या जाहिराती येतील. ओळखायची खूण सोपी आहे. फोनवर "पेशंटला कधी ॲडमिट करता, गाडी पाठवू का" असं विचारलं की ती ए.ए. नव्हे. ए.ए. कुणाला भरती करून घेत नाही, औषध देत नाही, फीही घेत नाही. शेवटी पेटी फिरते, तीत इच्छा असेल त्याने दहा-वीस रुपये टाकायचे. नवख्याने नाही टाकले तरी चालतं.

ए.ए. इंडियाच्या संकेतस्थळावर शहरवार यादी आणि हेल्पलाइनचे नंबर आहेत. पण यादीवर विसंबून थेट जाऊ नका, आधी फोन करा. मीटिंगा बहुधा शाळेच्या वर्गात, चर्चच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत भरतात. परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, गणपती असं काही आलं की जागा किंवा वार बदलतो आणि यादीत जुनंच राहतं. नवखा माणूस बंद दारावरून परत गेला की सहसा पुन्हा येत नाही, म्हणून हे सांगतोय. फोनवर विचारून घ्या: भाषा कोणती, मीटिंग ओपन की क्लोज्ड, आणि नेमकं कुठल्या गेटने आत यायचं. कुणी बाहेर उभं राहील का तेही विचारा, बहुतेक राहतात.

नाव फुटायची भीती असेल तर मुद्दाम शेजारच्या तालुक्याची किंवा जिल्ह्याच्या ठिकाणची मीटिंग धरा. ऑनलाइन मराठी मीटिंगाही असतात. तिथे कॅमेरा बंद ठेवता येतो, पण स्क्रीनवरचं नाव आधी बदला, नाहीतर मोबाइलवरचं पूर्ण नाव सगळ्यांना दिसतं.

पायरी_पायरीने:
क्लोज्ड मीटिंग फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांसाठी. ओपनला तुम्ही भावासोबत बसू शकता. पहिल्यांदा ओपन बरी.

साधारण तास-दीड तास. सुरुवातीला थोडं मौन, प्रार्थना, मग ए.ए. म्हणजे काय ते वाचून दाखवतात. नंतर एकेक जण शेअरिंग करतो, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगतो. कुणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. भावाची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढं पुरे. फक्त पहिलं नाव सांगायचं, आडनाव विचारत नाहीत. हजेरीपट नसतो. प्रार्थना ऐकून काही जण बिचकतात, पण धर्माची अट नाही. सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा एवढीच अट आहे, १९३५ साली अमेरिकेत सुरुवात झालेल्या या संघटनेच्या तिसऱ्या परंपरेत (गटांनी पाळायच्या तत्त्वांना तिथे 'परंपरा' म्हणतात) ती लिहिलेलीच आहे.

खरं काम मीटिंग संपल्यावर चहाच्या टपरीवर होतं. तिथे दोन-तीन जणांचे फोन नंबर घ्यायला सांगा, आणि संध्याकाळी तल्लफ आली की ग्लास उचलायच्या *आधी* फोन. नंतर केलेल्या फोनचा उपयोग फार कमी.

वॉर्ड नंबर ३:
मीटिंगआधी एक गोष्ट. रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, उलट्या सुरू होऊ शकतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बरळणं. हे जिवावर बेततं. आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आठवणीने सांगा. जायला जमत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची किंवा १४४१६ ही टेलि-मानसची (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा) मोफत हेल्पलाइन आहे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. वहिनीला कुणीतरी जेवणात गुपचूप मिसळायची गोळी सुचवलीय. द्यावी का?

वॉर्ड नंबर ३:
अजिबात नको. अशी गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. ती पोटात असताना प्यायला तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, मृत्यूही येऊ शकतो. त्याला ठाऊकच नसेल तर तो पिणारच. माहिती देऊन, संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर गोष्ट वेगळी. तेव्हाही शेवटच्या पेगनंतर किमान १२ तास जावे लागतात, आणि बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम टिकू शकतो. आसव-अरिष्टांतही अल्कोहोल असतं, द्राक्षासवसुद्धा चालत नाही.

पायरी_पायरीने:
वहिनींसाठी अल-ॲनॉन आहे, पिणाऱ्याच्या घरच्यांचा वेगळा गट. भाऊ मीटिंगला गेला नाही तरी त्या जाऊ शकतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'सहचरी' गटही पिणाऱ्यांच्या बायकांसाठीच आहे. पहिलीच मीटिंग आवडली नाही म्हणून सोडू नका म्हणावं, निदान सहा तरी बघाव्यात. भावालाही तेच. एका गटाशी सूर जुळला नाही तर दुसरा गट बघायचा.