आगाऊ, उद्धट की फटकळ?

प्रश्न: मोठ्यांच्या बोलण्यात मध्येच तोंड घालणाऱ्या पोराला उद्धट म्हणायचं की आगाऊ? आणि मुलीसाठी 'आगावी' होतं का?

प्रतिसाद १: आगाऊच. पाहुण्यांना "काका, पगार किती?" विचारणारा आगाऊ, "तुम्हाला काय करायचंय?" असं उलट बोलणारा उद्धट. 'आगावी' नाही हो! आगाऊ मुलगा, आगाऊ मुलगी, आगाऊ पोरं. चोंबडा मात्र बदलतो: चोंबडी, चोंबडे.

प्रतिसाद २: फटकळ वेगळा. तो मनात न ठेवता तोंडावर बोलतो, त्यामुळे त्यात थोडं कौतुकही असतं. आगाऊपणाचं कौतुक फार तर चार वर्षांच्या पोराचं.

प्रतिसाद ३: 'आगाऊ रक्कम', 'आगाऊ आरक्षण' यांत दोष नाही, अर्थ फक्त 'आधीच दिलेली, केलेलं'. पण 'आगाऊ सल्ला' जपून लिहा, टोमणा वाटतो. शेवटचा ऊ दीर्घ.