नोटांवरचे जंतू सोडा भाऊ, पऱ्हाटीच्या पाकिटातले पहा

जंतू आन पैशाचा काय संबंध, असं इथं इचारलं होतं, तं एका भावानं लिवलं की मळकट नोटा, हात धुवा. बरोबर हाये पण ते तर लय बारीक झालं. आपल्या विदर्भात पऱ्हाटीचं, म्हंजे कापसाच्या बियाण्याचं पाकीट घेतो ना, त्यातला बोंडअळी मारणारा बीटी जीन मातीतल्या एका जिवाणूचाच, बॅसिलस थुरिंजिएन्सिस. २००२ ले त्याले भारतात परवानगी भेटली. २०१६ ले सरकारनं बीजी टू (बोलगार्ड टू, बीटी कापसाचाच पुढचा प्रकार) च्या पाकिटाची किंमत ८०० ठरवली, त्यातले ४९ रुपये निस्ते त्या जीनचे. म्हंजे जिवाणूची रॉयल्टी आपण भरली! आन गुलाबी बोंडअळी ते बीटीचं विष पचवाले शिकली तं फवारणीचा खर्च पुन्हा आपल्याच बोकांडी.

उलटा हिशेबपण हाये, जिवाणू पैसे वाचवतेबी. रायझोबियम नावाचं जिवाणू-खत, १० किलो सोयाबीनच्या बियाण्याले २५० ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून चोळाचं आन सावलीत वाळवाचं, उन्हात ठेवलं का मेलंच समजा. आमच्या बाबाले हे थोतांड वाटे, मंग एक झाड उपटून मुळीवरची गाठ नखानं फोडून दाखवली, आतून गुलाबी निंगाली, म्हंजे जिवाणू कामावर हाये, हवेतला नायट्रोजन झाडाले देऊन रायला. बाबा कायीच बोलले नाई, पण औंदा युरियाची एक बॅग कमी आणली.

फक्त रायझोबियमचं पाकीट घेतानी तारीख पहा बाप्पा, मांगच्या साली मले दुकानदारानं मुदत संपलेलं देल्लं होतं, गाठी चार-दोनच.