मानेवरचे २७ किलो: फोनला तासांची मर्यादा हवी की नको?

मधुमालती
ताठ असताना आपल्या डोक्याचा मानेवर साधारण पाच किलो भार असतो. तेच डोकं ६० अंश खाली झुकवलं की भार जवळपास २७ किलोंवर जातो. मणक्याचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये मांडलेला हा हिशेब आहे. फोनमुळे होणारं व्यसन, उडालेली एकाग्रता यांवर आपण भरपूर बोलतो, पण शरीर काय सोसतंय याकडे लक्ष नाही. खांदे भरून येतात, डोळे चुरचुरतात, अंगठ्याच्या मुळाशी कळ येते आणि तिशीतली माणसं 'चालायचंच' म्हणून सोडून देतात. माझं मत ठाम आहे: कामाव्यतिरिक्त फोन रोज किती तास, हे आधी ठरवावं आणि पाळावं.

अश्वत्थ
सहमत नाही. २७ किलोंचा आकडा संगणकावर केलेल्या प्रारूपातून आला, खऱ्या माणसांच्या माना मोजून नाही. शिवाय भार वाढला म्हणजे इजा झाली, असं कुठे असतं? पायऱ्या चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने भार येतो, म्हणून कोणी पायऱ्या वर्ज्य करत नाही. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० जणांना फोन वापरताना पाहिलं गेलं. २०१८ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात वाकलेली मान आणि मानदुखी यांचा संबंध आढळला नाही. अशा आकड्यांनी माणूस घाबरतो, मान जपायला लागतो, आणि जपलेली मान आणखी आखडते.

मधुमालती
अठरा-वीस वर्षांची मान काहीही सोसते हो. आणि तो अभ्यास एकाच वेळी केलेल्या पाहणीचा आहे. तीच मुलं चाळिशीत कशी असतील, हे त्यातून कळत नाही. भीती नको हे मान्य, पण मग लोकांनी दुखायला लागेपर्यंत थांबायचं का?

व्यायामी
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तासांच्या मर्यादेला माझा विरोध आहे, कारण ती चुकीची गोष्ट मोजते. उठत-बसत, हात बदलत तीन तास फोन पाहणारा माणूस बरा असतो. कुशीवर पडून, कोपर पूर्ण दुमडून, एकाच स्थितीत तासभर पाहणारा माझ्याकडे येतो. कोपर बराच वेळ दुमडलेलं राहिलं की तिथून जाणारी नस ताणली जाते आणि करंगळी व अनामिकेला मुंग्या येतात. हे मानेचं दुखणं समजून लोक भलतेच उपाय करत बसतात.

अंगठ्याचं म्हणाल तर ते दुखणं फोनच्या कितीतरी आधीचं आहे. स्विस शल्यविशारद द केर्व्हाँ यांनी १८९५ मध्येच त्याचं वर्णन केलंय, आणि तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांमध्ये ते आजही नेहमी दिसतं. अंगठा ताणलेला, मनगट वाकडं, आणि तीच हालचाल पुन्हापुन्हा: मोठा फोन एका हाताने चालवताना नेमकं हेच होतं. फोन दोन्ही हातांत धरा, लांब मजकूर बोलून टाइप करा, व्हिडिओ पाहायचा तर फोन टेकवून ठेवा. अंगठा मुठीत घेऊन मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवल्यावर सणकून कळ आली, तर अंगावर काढू नका, दाखवून घ्या.

दुचाकीस्वार
ज्यांना फोन बाजूला ठेवता येतो त्यांची ही चर्चा आहे. माझं काम फोनवरच येतं, पत्ता फोनवर, पैसे फोनवर. काम हुकू नये म्हणून दर थोड्या वेळाने खाली बघावंच लागतं. मी कोणती मर्यादा पाळू? 'सवय सुधारा' हे ऐकून राग येतो. फोन डोळ्यांच्या रेषेत बसवायचा स्टँड आणि दोन कामांमध्ये पाच मिनिटं, एवढं काम देणाऱ्यांनी दिलं तर पुष्कळ होईल.

चांदणी
दुचाकीस्वार, अगदी खरं. अशा कामात सुधारणा वरूनच यायला हवी.

मला डोळ्यांबद्दल बोलायचंय. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनकडे टक लावली की ते प्रमाण निम्म्याच्याही खाली जातं, अश्रूंचा थर वाळतो आणि डोळे चुरचुरतात. यावर निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकले जातात. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) निदान अल्पकाळ तरी डोळ्यांच्या थकव्यावर त्यांचा फायदा दिसला नाही. ते पैसे वाचवा. अक्षरं मोठी करा, फोन हातभर लांब धरा, अधूनमधून दूरचं काहीतरी बघा.

अश्वत्थ
झोपेचंही असंच आहे, सगळा दोष पडद्याच्या प्रकाशाला दिला जातो. झोपण्याआधी चार तास प्रकाशित पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांवर २०१५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. छापील पुस्तक वाचताना लागली त्यापेक्षा झोप सरासरी दहाएक मिनिटंच उशिरा लागली. झोप खरी जाते ती 'अजून एक व्हिडिओ' पाहण्यात.

मधुमालती
मग तुम्ही माझाच मुद्दा मांडताय! शरीराला त्रास प्रकाशाचा असो की वेळेचा, फोन अंथरुणात नको. चार्जर दुसऱ्या खोलीत ठेवा, गजराला साधं घड्याळ आणा. आणि मुलांचं काय? त्यांना चष्मे किती लवकर लागतायत!

अश्वत्थ
चीनमधल्या ग्वांगझोऊच्या शाळांमध्ये पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्तीची उघड्यावर दिली. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी (दूरचं अस्पष्ट दिसणं) आली. ज्यांना ही वेळ मिळाली नाही त्यांच्यात ते प्रमाण ४० टक्क्यांच्या जवळ होतं. तिथे कोणी फोन काढून घेतला नव्हता, फक्त उजेडात नेलं. पुस्तकात डोकं घालून घरात बसलेल्या मुलालाही चष्मा लागतोच.

मधुमालती
पण मूल घरात बसतंय ते आज कशामुळे? पुस्तकामुळे बसलेलं मूल कंटाळून बाहेर पळतं. फोन कंटाळूच देत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत तरी मी तासांवरून मागे हटणार नाही.

व्यायामी
मुलांसाठी तास ठरवायला माझीही हरकत नाही, मात्र नियम घरातल्या मोठ्यांनाही लागू हवा. जेवताना आईबाबांच्या हातात फोन असेल तर मूल तो पाळणार नाही. मोठ्यांना मी एवढंच सांगते: फोनवर बोलायचं असेल तर उभं राहून, चालत बोला.